सुन्निवा: नॉर्वेतलं मुलींचं नाव. अर्थ, मूळ, माहिती हवी आहे (आणि थोडा धीरही)

पावसातली_चिमणी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. आम्ही नॉर्वेत बर्गनला राहतो, नवरा इथलाच आहे आणि लेक आता सात आठवड्यांची झालीये. इथे बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत नाव नोंदवावंच लागतं, आणि ते नोंदवायचं टॅक्सवाल्यांच्या खात्यात, कारण जन्ममृत्यूची सगळी नोंद त्यांच्याकडेच असते.

आम्ही "सुन्निवा" जवळजवळ पक्कं केलंय. नवऱ्याच्या आजीचं नाव स्यून्नोव्हे होतं, आणि सुन्निवा हे त्याच नावाचं जुनं रूप. अर्थ सूर्याची देणगी. मला तर ऐकल्या ऐकल्या आवडलं, कारण लेक जन्मली तेव्हा नोव्हेंबर होता आणि बर्गनचा नोव्हेंबर ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, साडेतीन चारलाच अंधारून येतं आणि दिवसभर जी रिपरिप असते ती वेगळीच.

पण काल आईला साताऱ्याला फोन केला आणि नाव सांगितलं तर पलीकडून एक मिनिट काही आवाजच नाही, मग म्हणाली, "सुन्न? अगं सुन्न म्हणजे बधिर की गं, लेकराला असलं कशाला?" ते ऐकल्यापासून माझ्याही डोक्यातून जाईना. आता मला नाव घेतलं की आधी तेच ऐकू येतं. नवऱ्याला सांगितलं तर त्याला बिचाऱ्याला कळलंच नाही काय झालं ते.

तर विचारायचं हे की १) या नावाबद्दल कोणाला खोलात माहिती आहे का, कारण इथल्या लोकांना अर्थ आणि संत सुन्निवा एवढंच माहीत असतं २) मराठी घरात हे नाव खरंच खटकेल का. खरं सांगा, मला बरं वाटावं म्हणून नको.

कृष्णाकाठ

अभिनंदन गं बाळाबद्दल! मी वाईची, त्यामुळे तुझ्या आईचं म्हणणं मला अगदी तिच्याच आवाजात ऐकू आलं. चिडू नकोस तिच्यावर. आपल्याकडे नाव कानाला कसं लागतं हे आधी बघतात, अर्थ नंतर. पण एक विचारू का, तुम्ही तिथे उच्चार नेमका कसा करता? कारण सुन्न मधला "न्न" जसा आपण दाबून म्हणतो तसाच आहे का?

पावसातली_चिमणी

काकू धन्यवाद. उच्चार लिहून सांगणं अवघड आहे. पहिल्या अक्षरावर जोर, आणि तो "सु" आपला सु नाहीच, ओठ ऊ म्हणताना करतो तसे पुढे काढायचे पण जीभ मात्र ई म्हणताना असते तिकडे सरकवायची, मग जो मधलाच आवाज येतो तो. न थोडा दाबलेला आहे, पण मग लगेच "निवा" हलकं येतं. सुन्‌निवा. स्यून्नोव्हे मध्ये तो आवाज अजून ई कडे झुकतो.

कृष्णाकाठ

मग मला तर त्यात सुन्न ऐकूच येत नाहीये. मला ऐकू येतंय "निवा". दूध निवलं का, ऊन निवलं की जा, लेकराला बघून डोळे निवले, ते निवणं. आईला हे सांगून बघ. सूर्याची देणगी आणि पुढे निवा, म्हणजे पोळणारं ऊन नव्हे, निववणारं. मूळ अर्थ काही का असेना, आपल्या घरात हाक मारताना हे ऐकू आलं तर वाईट काय आहे.

पावसातली_चिमणी

काकू!! हे मला सुचलंच नव्हतं. आज रात्रीच फोन करते.

शब्दवेडा_नाशिक

छान विषय आहे. मी या भाषांचा हौशी अभ्यास केलाय, जेवढं पक्कं ठाऊक आहे तेवढंच लिहितो, आणि आधीच सांगतो की यात एक वळण आहे जे बहुतेक नॉर्वेजियन लोकांनाही माहीत नसतं.

सुन्निवा हे नाव मुळात नॉर्वेचं नाहीच. ते जुन्या इंग्लिशमधलं आहे, तिथे त्याचं रूप होतं "सुन्‌गिफु". सुन्ने म्हणजे सूर्य आणि गिफु म्हणजे देणगी. आजच्या इंग्लिशमध्ये सन आणि गिफ्ट म्हणतो तेच. जुन्या इंग्लिशमध्ये हे गिफु शेवटी लावलेली बायकांची नावं पुष्कळ होती, त्यातलं जगाला ठाऊक असलेलं एकच उरलंय, ते म्हणजे गोडायव्हा, मूळ रूप गॉडगिफु, देवाची देणगी. म्हणजे तुमची सुन्निवा आणि कॉव्हेंट्रीची लेडी गोडायव्हा या नावाने चुलत बहिणी लागतात. ११व्या शतकानंतर इंग्लंडमध्ये नॉर्मन राज्य आलं आणि ही सगळी जुनी इंग्लिश नावं तिथे हळूहळू मागे पडली, पण हे एक नाव समुद्रापलीकडे नॉर्वेत जाऊन जगलं.

नॉर्वेजियनमध्ये सूर्याला रोजचा शब्द "सोल" आहे, सुन्ना नाही. तरी सुन्ना अगदीच परका नव्हता. एड्डा म्हणजे नॉर्स (जुन्या नॉर्वे-आइसलंडकडच्या) देवांच्या कवितांचा संग्रह, त्यातल्या एका जुन्या कवितेत थॉर नावाचा देव एका बुटक्याला एकेका गोष्टीची निरनिराळ्या जगातली नावं विचारतो, तिथे उत्तर येतं की माणसं हिला सोल म्हणतात आणि देव सुन्ना म्हणतात. म्हणजे हे नाव तिकडे पोचलं तेव्हा ऐकणाऱ्याला त्यात सूर्याचा देवांकडचा शब्द ऐकू येत असणार. मला स्वतःला ही गोष्ट फार सुंदर वाटते.

आता आपल्याशी नातं. सूर्याचा जो आदिम इंडोयुरोपीय शब्द मानतात त्याची दोन रूपं होती, एकात ल आणि एकात न. ल वाल्यातून लॅटिन सोल, नॉर्स सोल आणि ल चा र होऊन आपला स्वर् आणि सूर्य आला, न वाल्यातून इंग्लिश सन, जर्मन झोने आणि ही सुन्निवा. तेव्हा आईंना सांगा की सुन्न चा इथे काही संबंध नाही, सुन्न आपल्याकडे शून्य वरून आला. सुन्निवातला सुन् सूर्याच्याच घरातला आहे.

तिन्हीसांज

पण मग याला स्कँडिनेव्हियन नाव म्हणायचं कशाला? इंग्लिश नाव म्हणा ना सरळ. आणि सूर्यच हवा असेल तर खास तिकडचं सोल्वै आहे की, तेही किती गोड आहे.

शब्दवेडा_नाशिक

ज्या गावात नाव शेकडो वर्षं पाळण्यात म्हटलं गेलं त्या गावाचं ते नाव. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पीराच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली अशी परंपरा सांगतात, म्हणून शहाजी हे नाव आज कोणी मराठी नाही असं म्हणेल का?

सोल्वै बद्दल बरोबर आहे, सुंदर नाव आहे. सोल म्हणजे सूर्य (काही जण पहिल्या भागाचं मूळ "घर, दालन" असंही धरतात) आणि वेइग म्हणजे बळ. पण ते इब्सेनच्या १८६७ च्या पेअर गिंट नाटकामुळे आणि त्याला ग्रीगने दिलेल्या संगीतामुळे जगभर गेलं, त्यामुळे दुर्मिळ म्हणता येणार नाही.

तिन्हीसांज

शहाजीराजांचं उदाहरण पटलं. मागे घेते.

पावसातली_चिमणी

शब्दवेडा तुमचे किती आभार मानू, नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला शाळेत आम्हाला संताची गोष्ट होती पण इंग्लिश नाव आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. सोल्वै पण यादीत होतं आमच्या, पण त्याच्या दोन चुलत बहिणी सोल्वै आहेत :)

आता संत सुन्निवाची गोष्ट मीच लिहिते, कारण आम्ही परवा तिथल्या बेटावर जाऊन यायचं ठरवत होतो आणि त्या निमित्ताने मी बरंच वाचलं.

१०व्या शतकात आयर्लंडची एक राजकन्या होती, वडिलांमागे राज्य तिच्याकडे आलं. एका दांडग्या राजाला तिच्याशी लग्न करायचं होतं, तो तिचा धर्म मानणारा नव्हता आणि नकार दिल्यावर तो राज्याला त्रास देऊ लागला. तेव्हा ती आपली माणसं घेऊन जहाजात बसली, आणि वल्ही नाहीत, शीड नाही, सुकाणूसुद्धा नाही, सगळं काढून ठेवलं, समुद्र नेईल तिकडे जाऊ म्हणून. ती जहाजं उत्तर समुद्र पार करून नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याला लागली, काही लोक किन् बेटावर उतरले आणि ती सेल्या बेटावर. सेल्यावर कोणी राहत नव्हतं, समोरच्या गावातले लोक तिथे मेंढ्या चरायला सोडत. ही मंडळी गुहांमध्ये राहून मासे धरून जगत होती. मग मेंढ्या कमी व्हायला लागल्या, आणि गावकऱ्यांनी अर्थातच परक्या लोकांवर आळ घेतला, हे चोर आहेत म्हणून. त्यांनी तिथला राज्यकर्ता हाकोन यार्ल याला सैन्य घेऊन बोलावलं. सैन्य येताना दिसलं तसे हे लोक गुहेत शिरले आणि त्यांनी प्रार्थना केली की आम्हाला यांच्या हाती देऊ नकोस, आणि वरून दरड कोसळून गुहेचं तोंड बंद झालं.

पुढे त्या बेटावर लोकांना रात्री प्रकाश दिसू लागला, किनाऱ्यावर सुगंध येणारी कवटी सापडली, आणि ९९६ साली राजा ओलाव ट्रिग्वासोनने शोध घ्यायला लावला तेव्हा दरडीखाली सुन्निवाचा देह जसाच्या तसा, झोपल्यासारखा सापडला.

मला हे वाचताना मेंढ्यांच्या ठिकाणी फार रडू आलं, बाळंतपणातले हार्मोन म्हणा हवं तर, पण परक्या मुलखात येऊन राहिलेल्या बाईवर पहिला आळ चोरीचा, हे मला अगदी आत लागलं. मी इथे आले तेव्हा माझ्याशी कोणी वाईट वागलं नाही, उलट सासूबाईंनी जीव लावला, पण दुकानात कोणी जरा जास्त वेळ बघत राहिलं की पोटात जे होतं ते होतंच.

कृष्णाकाठ

अगं ही तर आपल्या सीतामाईसारखी गोष्ट. धरणीमाये पोटात घे म्हटलं आणि धरणीने घेतलं. आईला ही गोष्ट सांग, नाव नको सांगूस आधी, गोष्ट सांग.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितोय. देह तसाच राहण्याची गोष्ट वाचून लगेच आमचा गोंयचो सायब आठवला. सेंट फ्रान्सिस झेवियरचा देह जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये आहे आणि दर दहा वर्षांनी दर्शनाला खाली आणतात, आत्ताच २०२४ च्या नोव्हेंबरपासून जानेवारी २०२५ पर्यंत होतं, आम्ही घरचे सगळे रांगेत होतो, आमच्याबरोबर शेजारची हिंदू कुटुंबंही. म्हणून विचारतो, सुन्निवाचे अवशेष अजून आहेत का कुठे? तिचा सण असतो का?

पावसातली_चिमणी

अवशेष आता नाहीत. ७ सप्टेंबर ११७० ला ते सेल्याहून इथे बर्गनला आणले, तेव्हाच्या मोठ्या क्राइस्ट चर्चमध्ये ठेवले आणि ती बर्गनची आणि सगळ्या पश्चिम नॉर्वेची रक्षक संत झाली. शहरात आग लागली तेव्हा तिची पेटी आगीसमोर नेऊन धरली आणि आग थांबली असं जुन्या लिखाणात आहे. (बर्गन लाकडी शहर, आगीने कितीदा जळलंय.) पण १५३१ मध्ये ते चर्चच पाडलं, आणि लगेच पुढे नॉर्वे प्रोटेस्टंट झाला, संतांची पूजा बंद झाली. बर्गनहूस किल्ल्यात चर्चच्या जागी आता फक्त खूण आहे, मी बाबागाडी घेऊन तिथून रोज जाते आणि मला गेल्या महिन्यापर्यंत ठाऊकही नव्हतं.

सण आहे, ८ जुलै. त्याला सेल्यूमान्नामेस्से म्हणतात, सेल्याच्या माणसांचा दिवस, म्हणजे तिच्या एकटीचा नाही, तिच्याबरोबर गुहेत मेलेल्या सगळ्यांचा. इथे कॅलेंडरात प्रत्येक दिवसाला नावं असतात, त्यात ८ जुलैला सुन्निवा, स्यून्नोव्हे, स्यून्ने ही तिन्ही नावं आहेत.

शब्दवेडा_नाशिक

गोष्टीबद्दल थोडं, श्रद्धा दुखवायचा हेतू नाही. इतिहास अभ्यासणाऱ्यांना खटकतं ते हे की राजकन्या आयर्लंडची आणि नाव मात्र अस्सल इंग्लिश. शिवाय सेल्यावर १२व्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास बेनेडिक्टाइन मठ उभा राहिला तो सेंट अल्बनच्या नावाने, आणि अल्बन म्हणजे इंग्लंडचा पहिला हुतात्मा. नंतरच्या कथांमध्ये हाच अल्बन सुन्निवाचा भाऊ होऊन येतो! तेव्हा नॉर्वेत ख्रिस्ती धर्म आणणाऱ्यांत इंग्लिश धर्मगुरू पुष्कळ होते, त्यांच्याबरोबर हे नाव आणि गोष्ट दोन्ही आले असावेत असं म्हणायला जागा आहे. कोलोनच्या सेंट उर्सुलाची, अकरा हजार कुमारिका घेऊन निघालेल्या राजकन्येची जी कथा आहे तिच्याशीही साम्य दाखवतात.

पण कथा जुनी आहे यात शंका नाही. अवशेष हलवले त्याच काळात लॅटिनमध्ये लिहिली गेली आणि आइसलंडच्या ओड नावाच्या साधूने १२व्या शतकाच्या शेवटी ओलाव ट्रिग्वासोनचं चरित्र लिहिलं त्यातही ती आहे.

दर्यावर्दी_रत्नांग्री

मी मर्चंट नेव्हीत तीस वर्षं काढली, आता निवृत्त. धागा उघडला कारण हे नाव मी जहाजावर वाचलंय! ९० च्या दशकात अॅबर्डीनच्या धक्क्यावर शेटलंडला जाणारी फेरी असायची, सेंट सुन्निवा, ते लोक सनीवा म्हणायचे. तेव्हा कुतूहल वाटून एका म्हाताऱ्या खलाशाला विचारलं तर तो म्हणाला या नावाची पहिली बोट आमच्या आजोबांच्या वेळची. नंतर मी शोधलं, खरंच १८८७ साली अॅबर्डीनला बांधलेली पहिली सेंट सुन्निवा होती, नुसत्या पर्यटकांसाठी मुद्दाम बांधलेल्या पहिल्या जहाजांत तिची गणना होते, नॉर्वेच्या फियोर्डांच्या सफरींना जायची. १९३० मध्ये शेटलंडच्या मूसा बेटाजवळ खडकावर गेली. शेटलंड बेटं १५व्या शतकापर्यंत नॉर्वेच्या राज्यात होती, म्हणून तिकडे हे नाव घरातलंच.

आणि सेल्या बेट जिथे आहे ना, ते स्टाड. त्या टोकाची आम्हा खलाशांत दहशत आहे. बाकी नॉर्वेच्या किनाऱ्याला बेटांची तटबंदी असते, जहाज आतून जातं, स्टाडला ती तटबंदी तुटते आणि सगळा उघडा समुद्र अंगावर येतो, लाटा दोन तीन दिशांनी. जुने लोक वळसा घालण्याऐवजी होड्या उचलून जमिनीवरून ओढत पलीकडे नेत, त्या खिंडीचं नावच द्रागसाइद, ओढायची वाट. अशा पाण्यात बिनवल्ह्याची, बिनसुकाणूची होडी आली असं सांगणाऱ्याला समुद्र माहीत होता, त्याने ही जागा उगाच निवडली नाही. माझं मत, नाव ठेवा. दर्यातून सुखरूप आलेल्या बाईचं नाव आहे.

पावसातली_चिमणी

काका अंगावर काटा आला. नवऱ्याचे आजोबा मच्छीमार होते, ते स्टाड म्हणताना आवाज खाली करायचे असं सासूबाई सांगतात.

घडीची_पोळी

मी ओस्लोत आहे, पंधरा वर्षं झाली. लोकप्रियतेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. स्यून्नोव्हे हे रूप देशभर पसरलं ते ब्यॉर्नसनच्या स्यून्नोव्हे सोल्बाक्केन या १८५७ च्या पुस्तकामुळे. ब्यॉर्नसन म्हणजे ज्याने नॉर्वेचं राष्ट्रगीत लिहिलं आणि १९०३ चं साहित्याचं नोबेल मिळालं तो. त्यात स्यून्नोव्हे राहते ते शेत सोल्बाक्केन, म्हणजे उन्हाचा उतार, आणि तिच्यावर जीव असलेला थोर्ब्यॉर्न राहतो ते समोरचं सावलीतलं, देवदारांच्या झाडीतलं. नावातही सूर्य आणि घरातही सूर्य. त्याआधी हे नाव पश्चिमेकडच्या खेड्यांचं होतं, चर्चच्या वह्यांमध्ये सुन्नेवा, स्यून्नेवा, वाट्टेल तसं लिहिलेलं सापडतं, पुस्तकानंतर शहरातल्या मुलींचंही झालं.

आता स्यून्नोव्हे म्हटलं की आजीच्या वयाची बाई डोळ्यांसमोर येते. किंवा चीज! १९२८ पासूनची स्यून्नोव्हे फिंडेन नावाची कंपनी आहे, सुरू करणाऱ्या बाईंचंच नाव, प्रत्येक दुकानाच्या फ्रीजमध्ये ते पाकीट असतं. सुन्निवा मात्र १९९० च्या दशकात परत वर आलं, त्याच सुमारास छोटं रूप स्यून्ने सुद्धा. माझ्या ऑफिसात दोन सुन्निवा आहेत, दोघी पंचविशीतल्या, दोघी पश्चिमेकडच्या. आत्ताच्या बाळांमध्ये कमी झालंय, म्हणजे तुमच्या लेकीच्या वर्गात बहुधा एकटीच असेल, पण कोणाला स्पेलिंग सांगत बसावं लागणार नाही. नॉर्वेच्या बाहेर मात्र खरंच दुर्मिळ. आइसलंड आणि फेरो बेटांवर सुन्नेवा म्हणतात, स्वीडन डेन्मार्कमध्ये क्वचित.

एक काळजीने सांगते, राग नसावा. भारतात गेल्यावर कोणी लाडाने "सुन्नी" केलं तर लोक वेगळा अर्थ घेतील. आमच्या मुलाच्या नावाबाबत असं झालंय, म्हणून आधीच घरात ठरवून टाका काय हाक मारायची ते.

पावसातली_चिमणी

राग कसला, हेच तर विचारलं होतं. हाक आम्ही निवा मारतोय, काकूंनी सुचवल्यापासून नवरासुद्धा. चीजचं माहीत होतं, नवऱ्याच्या आजीला लहानपणी त्यावरून चिडवायचे!

उत्तर_दिशा

मी ट्रोम्सोला पीएचडी करतोय, मूळचा लातूरचा. नावाच्या अर्थाबद्दल एवढंच की सूर्याची देणगी हा अर्थ साताऱ्यात आणि इथे एकसारखा ऐकू येत नाही. आमच्या लातूरला एप्रिलमध्ये सूर्याला कोणी देणगी म्हणणार नाही, आई ओसरीवर पाणी मारून मारून थकते. इथे नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य मावळतो तो जानेवारीतच परत दिसतो, २१ जानेवारीला सूर्यदिवस असतो, शाळेतली पोरं डोंगराकडे तोंड करून उभी असतात आणि सगळे सोल्बोल्लर खातात, म्हणजे सूर्याचे गोड बन. पहिल्या वर्षी मला यात काय एवढं असं वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी ढग बाजूला होऊन डोंगरामागून ती कडा दिसली आणि मी लॅबमधून जॅकेट न घालता बाहेर पळालो.

दक्षिणेला र्यूकान नावाचं गाव आहे, खोल दरीत, तिथे सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत ऊन पोचतच नाही, तर त्यांनी २०१३ मध्ये डोंगरावर मोठाले आरसे बसवून ऊन चौकात पाडलं. म्हातारी माणसं खुर्च्या टाकून तेवढ्या तुकड्यात बसतात. अशा देशात हे नाव ठेवताय, आईंना एकदा हिवाळ्यात बोलवा.

कृष्णाकाठ

चिमणे, आईचं काय झालं ते सांग की. आम्ही सगळे ताटकळलोय.

पावसातली_चिमणी

सांगते. उशीर झाला कारण आम्ही खरंच सेल्याला जाऊन आलो. सेल्ये गावातून छोटी बोट जाते, पंधरा मिनिटं. बाळ माझ्या पोटाशी बांधलेलं. मठाचा मनोरा अजून उभा आहे, बाकी भिंतींचे दगड आणि गवत, आणि वर चढून गेलं की गुहा. आत अंधार, थंडगार, छतातून पाणी ठिबकत होतं. मेंढ्या अजून चरतात बेटावर! मी गुहेच्या तोंडाशी उभं राहून आईला व्हिडिओ कॉल लावला, रेंज होती नशिबाने, आणि काकूंनी सांगितलं होतं तसं नाव न घेता गोष्ट सांगितली. राजकन्या, होडी, मेंढ्या, दरड, सगळं. आई मध्ये काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "आणि तिच्या आईला कळलं का गं पुढे, ती कुठे गेली ते?"

मला काही उत्तर देता आलं नाही. गोष्टीत तिची आई नाहीच कुठे, वडील आहेत, राज्य आहे, तो राजा आहे. आठ वर्षं मी इकडे आहे आणि आईने एकदाही मला का गेलीस म्हणून विचारलं नाहीये.

मग मी म्हटलं, आई, तिचं नाव सुन्निवा होतं. तर म्हणाली, हं. नाव अजून तिने घेतलेलं नाहीये. पण नको पण म्हणाली नाही.

दर्यावर्दी_रत्नांग्री

आमची आई मी बोटीवर चढलो की बोटीचं नाव घ्यायची नाही, मी परत येईपर्यंत. वेळ द्या त्यांना.

घडीची_पोळी

डोळे भरून आले वाचताना. फॉर्म भरायची घाई करू नका, सहा महिने आहेत. नाव दिलं नाही तर आडनाव आपोआप आईचं लागतं एवढंच, बाकी काही बिघडत नाही, पण मुदत टाळू नका.

मांडवीकाठ

८ जुलैला आमच्याकडून एक मेणबत्ती लावीन सुन्निवेच्या नावाने.

पावसातली_चिमणी

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय. फॉर्म पाठवला, नाव लागलं, पत्रही आलं. सुन्निवा, आणि मधलं नाव माझ्या आजीचं.

आता शब्दवेडांना एक प्रश्न. काल आईचा मेसेज आला, फक्त एक फोटो, साताऱ्याच्या सोनाराच्या काउंटरवर ठेवलेली चांदीची वाटी आणि शेजारी कागदावर आईच्या अक्षरात "सुनिवा". खाली लिहिलंय, "कोरायला टाकते आहे. बरोबर आहे का?" एक न की दोन?

शब्दवेडा_नाशिक

नियमाने दोन न. पण तुम्ही हो म्हणा, बरोबर आहे म्हणा.

कृष्णाकाठ

एकच. आईने लिहिलंय तसंच.

पावसातली_चिमणी

एकच सांगितलं. गुरुवारी मिळणार आहे वाटी.